स्वस्तातली रोड बाइक जोतिबाला नेताना

कोल्हापूरहून निघून केर्लीत रत्नागिरीचा रस्ता सोडून जोतिबाकडे वळलं, की नव्या सायकलस्वाराला पाचच मिनिटांत कळतं की आपल्याला आणखी एक हलका गिअर हवा होता. मांड्या भरून येतात, गुडघे बोलायला लागतात. आणि घरी आल्यावर तो मोबाइलवर हलकी चाकं नाहीतर कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) शोधत बसतो. अडवलं गिअरनं आणि खर्च निघाला चाकांवर. रंकाळ्यावर पहाटे भेटणाऱ्या कितीतरी नव्या मुलामुलींना मी हे करताना पाहिलंय, म्हणून हे लिहितोय.

पंचवीस-तीस हजारांच्या आतली रोड बाइक ही मनापासून चालवण्यासारखी सायकल आहे. तिच्यात काय बदलायचं याच्याइतकंच कधी बदलायचं हेही महत्त्वाचं आहे. मी पाळतो तो नियम असा : ब्रेक सोडून बाकी सायकल आहे तशी पाचशे किलोमीटर चालवायची, त्या काळात जे दुखलं ते आधी दुरुस्त करायचं, आणि उरलेलं झिजेल तेव्हाच बदलायचं.

घेताना

आधी माप. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाला साधारण ५२ ते ५४ सेंटिमीटरची फ्रेम बसते, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडा आणि जांघ यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं. मग बसून ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर हात ठेवा. कोपरं ताठ होत असतील तर सायकल तुमच्यासाठी लांब आहे. सीट वर-खाली करून बसेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, कारण सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी तेवढीच राहते.

दुसरी गोष्ट मागच्या दात्यांची. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या खालच्या पायऱ्या बघितल्या तर टूर्नी ७ स्पीडचं, म्हणजे मागे दात्यांच्या सात चकत्या, क्लॅरिस ८ चं आणि सोरा ९ चं. पण आकड्यापेक्षा मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे जास्त महत्त्वाचं. फ्रीव्हीलमध्ये दाते आणि ते मोकळे फिरवणारी यंत्रणा एकाच तुकड्यात असते, कॅसेट म्हणजे नुसता दात्यांचा संच, यंत्रणा हबमध्येच. ओळखायची रीत सोपी आहे. चाक काढा आणि दाते मागच्या दिशेनं फिरवा. मधे हत्यार बसायच्या खाचा असतात, त्या दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे ॲक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात, त्यामुळे अंगानं भरलेला माणूस खड्ड्यात आदळला की ॲक्सल वाकू शकतो. शिवाय शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडच्या कॅसेट एकाच हबवर बसतात, म्हणजे पुढे वाढायला जागा राहते. बजेटमध्ये दोन सायकली अडल्या असतील, तर रंग आणि वजन बाजूला ठेवून कॅसेटवाली घ्या.

जुनी घेत असाल तर सीटचा नट सैल करून सीटपोस्ट हलतो का ते बघा. इथल्या पावसात ग्रीस न लावलेला पोस्ट फ्रेममध्ये असा गच्च बसतो की मग निघता निघत नाही. वेल्डिंगच्या सांध्यांवरून बोट फिरवा, आणि रंगात केसाएवढी जरी रेघ दिसली तरी ती सायकल सोडून द्या.

पहिले दोन आठवडे

नव्या सायकलीचे स्पोक पहिल्या दीडदोनशे किलोमीटरमध्ये आपापल्या जागी बसतात आणि थोडे सैल पडतात. तेवढं चालवून झालं की चाकांचा आउट (डोलणं) काढून घ्या. हे एकदा नीट झालं तर स्वस्त चाकंसुद्धा वर्षानुवर्षं सरळ चालतात, आणि नाही झालं तर मागच्या चाकाचे स्पोक तुटत राहतात.

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या खाली टक्टक् जाणवलं तर हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंग, सैल आहे. स्टेमच्या (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टजवळ आकडा छापलेला असतो, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. जोर लावून आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेनं घट्ट होतं. हे माहीत नसल्यानं आटे गेलेले क्रँक (पॅडल बसतात ते दांडे) मी तीन पाहिलेत. पॅडल आणि सीटपोस्ट दोन्हींना बसवतानाच ग्रीस लावा.

आता सीटची उंची. उघड्या पायानं भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ नं गुणा. माप ७८ सेंटिमीटर आलं तर उत्तर ६९ च्या जवळ येतं. क्रँक ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत तेवढं अंतर ठेवून सुरुवात करा. पुढे शरीर सांगतं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त हलवू नका आणि प्रत्येक बदलावर दोन-तीन राइड होऊ द्या. सीट टोचते म्हणून लगेच नवी सीट घेण्याआधी पॅडवाली शॉर्ट घ्या, आणि ती आत काही न घालता वापरा. बहुतेकांचं दुखणं तिथंच संपतं.

हवा

नवशिक्यानं पहिला पैसा कशावर घालावा, तर गेज असलेल्या उभ्या पंपावर. हजार-दीड हजारात मिळतो आणि सायकलीचा स्वभाव बदलतो. रोड बाइकच्या ट्यूबमध्ये हवा थोडी असते आणि दाब जास्त, त्यामुळे आठवड्यात दाब सहज उतरतो. अंगठ्यानं दाबून टायर कडक लागतो, पण ६० पीएसआय आणि ९० पीएसआय यांतला फरक अंगठ्याला कळत नाही. माझं वजन ६८ किलो आहे आणि २८ मिलिमीटरच्या टायरला मी पुढे ७०, मागे ७८ ठेवतो. टायर २५ चे असतील तर दहा-बारा वाढवा, वजन कमी असेल तर कमी करा, आणि टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडू नका.

ट्यूब काढल्यावर शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चेंगरली. एकच बारीक भोक असेल तर तो काटा, आणि आपल्याकडे बहुधा बाभळीचा. टायरच्या आतून फडकं फिरवून काट्याचं टोक काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर शंभर मीटरवर पुन्हा तेच.

या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो आणि हवा मारण्याआधी त्याचं टोक सैल करावं लागतं. मोटारसायकलवाल्या पंक्चर दुकानाचा पाइप त्याच्यावर बसत नाही. पाच-दहा ग्रॅमचा पितळी ॲडॉप्टर मिळतो, तो कायम पिशवीत ठेवा. गगनबावड्याच्या रस्त्यावर अडकलात तर तोच उपयोगी पडेल. पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरनं मात्र जपून भरा. ट्यूब लहान असते, हवा क्षणात भरते आणि टायर रिमवरून उडू शकतो.

टायर झिजले की बदल २८ चा करा, जर फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर जागा राहत असेल तर. आपल्या रस्त्यांवर २३ किंवा २५ च्या टायरनं वेग वाढतो असं मला कधी वाटलं नाही. जे वाढलं ते हातांना मुंग्या येणं.

चढाचा हिशेब

ही गोष्ट सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरच्या सायकलस्वाराचा खरा प्रश्न इथं आहे. शहर सपाटीवर आहे. रंकाळा, कळंबा, राधानगरीचा रस्ता हे सगळं कुठल्याही गिअरवर होतं. पण पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटरवर आहे आणि गड आसपासच्या सपाटीपासून ४०० मीटरहून जास्त वर. वाघबीळ सोडलं किंवा केर्लीतून जोतिबाकडे वळलं, की नवा माणूस ताशी आठ किलोमीटरवर येतो. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, सुरुवातीला सगळे तिथंच असतात.

आता त्या वेगाला पाय मिनिटाला किती वेळा फिरतात ते काढू. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागचे दाते, हे झालं गुणोत्तर. त्याला चाकाच्या परिघानं, म्हणजे २.१ मीटरनं गुणलं की क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते मिळतं.

पुढे एकच ४४ चं चेनव्हील आणि मागे सगळ्यात मोठं २८ असेल, तर ताशी ८ किलोमीटरला पाय मिनिटाला फक्त ४० वेळा फिरतात. प्रत्येक फेऱ्याला जणू एक बैठक मारल्यासारखा जोर. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर ५२ फेरे. पुढे ३४, मागे ३२ असेल तर ६०. चाळीस आणि साठ यांतला फरक म्हणजे गुडघा धरून उतरणं आणि श्वास सांभाळून वर पोचणं. तालमीत नव्या पोराच्या खांद्यावर पहिल्याच दिवशी दुसरा पोरगा बसवून बैठका मारून घेत नाहीत. गुडघ्यांना तोच न्याय.

म्हणून माझ्या मते या सायकलीतला सगळ्यात मोलाचा मोठा बदल म्हणजे मागचं मोठं फ्रीव्हील किंवा मोठी कॅसेट. खर्च चाकांच्या दहाव्या हिश्शाइतकासुद्धा येत नाही. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. एक, तुमचा मागचा डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दात्यांपर्यंत झेपतो. मर्यादा ओलांडली तर त्याचं वरचं छोटं चाक मोठ्या दात्यांना घासतं. दोन, चेनची लांबी. पुढे मोठं आणि मागे मोठं असा गिअर चुकून पडला आणि चेन आखूड असली, तर डिरेलर ताणून तुटतो. त्यामुळे मोठ्या कॅसेटबरोबर नवी, योग्य लांबीची चेन घालूनच काम करून घ्या.

पुढे ४४ चं एकच चेनव्हील असलेल्यांनी आधी पुढचे दाते कमी करता येतात का ते विचारा. सपाटीवर थोडा वेग जाईल. जोतिबा मिळेल.

आणि ७ स्पीडचं ९ स्पीड करायचं असेल तर? शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), मागचं चाक, कॅसेट, चेन आणि बहुधा डिरेलरही. ही बेरीज कागदावर लिहून बघा. तुमची सायकल विकून वरची पायरी घेण्याचा फरक त्याच्या जवळपास येतो, आणि नव्या सायकलीबरोबर फोर्क आणि ब्रेकही सुधारतात. असा बदल मी कुणालाच सुचवत नाही.

गिअर नीट पडत नाही तेव्हा घाबरायचं कारण नसतं. नवी केबल पहिल्या महिन्यात थोडी ताण सोडते. मागच्या डिरेलरमध्ये केबल जिथं शिरते तिथं एक गोल खुंटी असते. चेन मोठ्या दात्यावर चढायला कुचराई करत असेल तर ती खुंटी मागून बघताना घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. लहान दात्यावर उतरत नसेल तर घड्याळाच्या दिशेनं. दर वेळी पाव फेराच. चेन स्पोकमध्ये पडत असल्याशिवाय शेजारच्या दोन बारीक स्क्रूंना हात लावू नका.

चेन

चेनला जळकं काळं ऑइल किंवा ग्रीस लावायची आपली जुनी सवय साध्या सायकलीला चालून गेली, इथं चालत नाही. ते धूळ धरतं आणि धूळ पॉलिश पेपरसारखी दाते खाते. फडक्यानं चेन पुसा, प्रत्येक जोडावर एकेक थेंब तेल सोडा, पॅडल मागे फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं. चैत्र यात्रेच्या दिवसांत जोतिबाला जाऊन आलात तर गुलाल चेनमध्ये बसलेला असतो, त्या दिवशी हे कंटाळा न करता करा.

झीज मोजायला महागडं हत्यार लागत नाही. चेनच्या एका पिनच्या मध्यावर टेपचा शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पुन्हा पिनचा मध्य येतो. तो एका इंचाच्या सोळाव्या भागानं पुढे गेला की चेन बदला. आठव्या भागापर्यंत गेला तर दातेही गेले, आता दोन्ही बदलावे लागतील. चेन वेळेवर बदलणं ही या सायकलीतली सगळ्यात मोठी बचत आहे.

पाऊस, पूर आणि ऊस

पावसाळ्यात तेल घट्टसर वापरा आणि दर ओल्या राइडनंतर लावा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्यानं सायकल धुऊ नका, पाणी हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस बसतो तिथं) शिरतं. बादली, मग आणि ब्रश पुरे.

पुराचं वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तळमजल्यावरच्या कितीतरी सायकली पाण्यात गेल्या. माझ्या एका मित्राची चार दिवस पाण्यात होती. पुसून, तेल देऊन त्यानं ती चालवली आणि दोन महिन्यांत दोन्ही हब खरखरायला लागले. बुडालेली सायकल चालवूच नका. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी धरून पाणी काढा, दोन्ही हब, हेडसेट आणि बॉटम ब्रॅकेट उघडून छर्रे आणि ग्रीस बदला, केबल नव्या घाला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पूरपट्ट्यात राहत असाल तर ३९ ची बातमी आली की सायकल वरच्या मजल्यावर न्या.

गळीत हंगाम सुरू झाला की रस्ते बदलतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागची डोलते, आणि पहाटे अंधारात काहींना मागे लाइट किंवा रिफ्लेक्टर काही नसतं. ट्रॉलीला खेटून ओलांडू नका, वाट बघा. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी २५ च्या टायरला दगडासारखी लागते आणि ओल्या पाचटावर ब्रेक लावला की चाक सरकतं. पुढे-मागे लाइट असल्याशिवाय या महिन्यांत सहाच्या आधी शहराबाहेर पडू नये असं मला ठामपणे वाटतं. कुठल्याही अपग्रेडच्या आधी लाइट.

अडलेला सीटपोस्ट काढायचा असेल, गेलेले आटे पुन्हा पाडायचे असतील, तर आपल्याकडे कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर आहे. बारीक स्पेसरसुद्धा लेथवर करून मिळेल. फोर्क किंवा ॲल्युमिनियमचं स्टेम मात्र कधी वेल्डिंग करून वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं धातूची ताकद जाते आणि ते तुटताना आधी सांगत नाही.

उतरताना

ब्रेक शेवटी लिहितोय, पण पैसे खर्चायच्या यादीत पंपाच्या आणि लाइटच्या बरोबरीनं पहिले येतात. या किमतीच्या सायकलींवर येणारे ब्रेक रबर बहुधा कडक असतात. जोतिबाच्या उतारावर ते कळतं, आणि तिथं कळणं उशिरा असतं. चांगले रबर, नवी केबल आणि आउटर (केबलवरचं आवरण) एवढ्यानं तेच ब्रेक दुप्पट बरे लागतात. रबर बसवताना तो पूर्ण रिमवर बसतोय, टायरला शिवत नाही ना, हे डोळ्यांनी बघा. कोणता हात पुढचा ब्रेक लावतो हेही पहिल्याच दिवशी पाठ करा, सगळ्या सायकलींवर ते सारखं नसतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर रविवार टाळा. तो देवाचा वार, गाड्यांची रीघ असते. मधल्या वारी सहाला शिवाजी पुलावरून निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत वर असाल. पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ॲडॉप्टर आणि एल-कीचा संच. वर पोचल्यावर दर्शन घ्या, पाणी प्या, आणि उतरण्याआधी दोन्ही चाकांचे क्विक रिलीज (चाक धरून ठेवणारे खटके) आणि ब्रेक हातानं तपासा.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणात ठेवा, तिथून ब्रेकला जोर जास्त मिळतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग उतरवा, वळणात सोडा, सरळ रस्त्यावर रिमला थंड व्हायला वेळ द्या. खाली केर्लीत थांबलात तर रिमला लगेच हात लावू नका, पोळतो.